राखाडी संत्री

"पाह्यलं काय? नाई पाह्यलं. बसा."

हे सगळं ते एका दमात म्हणत. उत्तर द्यायला मधे जागाच नसे. म्हणताना एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा समोर धरायचा आणि चित्रकार जसं झाडाचं किंवा घराचं माप घेतो तसं समोरच्या माणसाचं माप घ्यायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या अकोल्याच्या हायस्कुलात त्या अंगठ्याखालून न गेलेला माणूस नव्हता. हेडमास्तर गेले होते, तपासणीला आलेले साहेब गेले होते, घंटा वाजवणारा शिपाईही गेला होता. आणि सगळ्यांचा निकाल एकच, नापास.

ते आमचे ड्रॉइंग मास्तर. नाव सांगत नाही. त्यांचे विद्यार्थी अजून अकोल्यात आहेत आणि त्यांतले निम्मे अजून रागावलेले आहेत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो खोलीत आला की बाकीचे आपापले कपडे नीट करू लागतात. मी मराठी शिकवायला त्या शाळेत नव्यानं रुजू झाले तेव्हा अमरावतीहून येताना आईनं घेऊन दिलेली हिरवी साडी नेसून गेले होते, जांभळ्या काठाची. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी अंगठा धरला.

"बाई, ही साडी तुमी पसंत केली का दुकानदाराले खपवाची होती?"

शिक्षकांची खोली हसली. ती साडी मी पुन्हा कधी शाळेत नेसले नाही. राग आलाच, पण घरी जाऊन आरशात पाहिलं तर तो हिरवा आणि तो जांभळा खरंच एकमेकांशी भांडत होते. त्यांचा खरा छळ हाच होता. अपमान करायचे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

आता स्कॉटलंडचं सांगते. इंग्रज जाण्याच्या सुमारास कापसाच्या एका प्रेसचा स्कॉच साहेब अकोला सोडून निघाला. मास्तरांनी कधीतरी त्याच्या मडमेला तिच्या मेलेल्या कुत्र्याचं चित्र फोटोवरून काढून दिलं होतं. जाताना ती एक पत्र्याची पेटी त्यांच्या हवाली करून गेली. पेटीत तिच्या देशातल्या चित्रांच्या छापील प्रती होत्या, सुट्या सुट्या, जाड कागदावरच्या. सगळ्या काळ्यापांढऱ्या. प्रत्येकीखाली चित्रकाराचं नाव आणि इंग्रजीत दोन-चार ओळी.

वऱ्हाडात स्कॉटलंडच्या चित्रकलेची गरज कोणालाही नव्हती. सरकारी अभ्यासक्रमात पिंपळाचं पान होतं, तांब्या होता, फार तर उघडी छत्री होती. मास्तरांनी छत्री मिटवली आणि ती पेटी उघडली. त्या पेटीच्या जोरावर अख्ख्या गावाला अडाणी ठरवायचा परवाना आपल्याला मिळाला आहे, असा त्यांचा पक्का समज होता.

पेटीत एक चित्र होतं, काळ्या कपड्यांतला एक पाद्री गोठलेल्या तळ्यावर एका पायावर घसरत चालला आहे, हाताची घडी घालून, चेहरा देवळात असल्यासारखा गंभीर. एप्रिल महिना, वर्गाचे पत्रे तापलेले, आणि मास्तर विचारतायत की याच्या पायाखाली काय आहे. एक पोरगा म्हणाला, फरशी. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या सोडावॉटरवाल्याकडून बर्फाची लादी आणवली, भुशासकट वर्गात ठेवली आणि त्या पोराला चपला काढून तिच्यावर उभं केलं.

"उभा राह्य. आता चित्र पाह्य."

पोरगं आधी हसलं. मग हसू गेलं. मग ते एक पाय उचलायला लागलं, मग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं.

"आता समजलं का तो एका पायावर काऊन हाये? फरशी म्हणे!"

पोराचे तळवे दोन दिवस दुखले. त्याचा बाप भांडायला आला तर मास्तरांनी त्यालाही चित्र दाखवलं. पण एक सांगते, त्या वर्गातला कोणीही तो पाद्री विसरलेला नाही. आज म्हातारे झालेले ते लोक भेटले की पाय वर घेऊन दाखवतात.

मला त्यांनी शिकवलं ते कोबीच्या चित्रावर. कोबीच्या वाफ्यात उभी असलेली मजुराची पोर, हातात सुरी, मागं झोपडीसारखं घर. मी म्हटलं, "छान आहे हो."

"छान? छान शेवयाची खीर असते, बाई. इथं बसा."

माझा मोकळा तास होता. तो अख्खा तास त्यांनी मला त्या चित्रासमोर बसवलं आणि स्वतः पेन्सिलींना टोकं करत राहिले. मला आधी कंटाळा आला, मग राग आला, मग करायला दुसरं काहीच नाही म्हणून मी पाहू लागले. आणि हळूहळू लक्षात आलं की ती पोर उभी नाही, ती आत्ता उठली आहे. कोबी कापता कापता कंबर मोडली म्हणून सरळ झाली आहे आणि कोणीतरी आलं म्हणून पाहते आहे. कपाशी वेचणाऱ्या बाया अशाच उठतात. मूर्तिजापूरला मामाच्या शेतात मी हे लहानपणापासून पाहिलं होतं, आणि कधीच पाहिलं नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोक करणं थांबवलं.

"हं," म्हणाले. एवढंच. त्यांच्याकडून मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. मला अजून तिचा आनंद होतो.

त्यानंतर ते मला पेटी उघडून दाखवू लागले. त्यांनी सांगितलेला स्कॉटलंडचा इतिहास असा होता: "पयले यायनं पैसेवाल्यायचे तोंडं काढले. पोटापाण्यासाठी. मंग गरिबायचे काढले, पैसेवाल्यायले घरात लावाले. मंग डोंगर अन् हरणं काढले, कारण माणसायचा कंटाळा आला. अन् शेवटी रंग." मग ते शेवटची प्रत बाहेर काढत आणि त्यांचा आवाज बदलत असे. मी त्यांना दुसऱ्या कशासमोरही असं हळू बोलताना ऐकलं नाही.

त्या शेवटच्या प्रतीखाली लिहिलं होतं की हा चित्रकार त्याच्या रंगांसाठी नावाजलेला आहे. आणि चित्र राखाडी. टेबलावर कापड, फुलदाणी, अर्धा उघडलेला पंखा आणि ताटलीत गोल गोल फळं. आता काय म्हणावं याला? उपाशी माणसापुढे जेवणाचा फोटो ठेवावा, तसलं ते. मास्तरांनी वर्षानुवर्षं त्या राखाडीत रंग शोधले. सकाळच्या उजेडात पाहत, संध्याकाळच्या उजेडात पाहत, आणि शेवटी त्यांनी ठरवून टाकलं की कापड काळं आहे, भांडं निळं आहे आणि फळं म्हणजे संत्री.

"संत्रंच हाये. एवढा उजेड अंगात दुसऱ्या कोणत्या फयाच्या असते?"

दर हिवाळ्यात मोर्शीकडची संत्री बाजारात आली की ते स्वतः जाऊन निवडून आणत. वर्गात टेबलावर काळं कापड, हेडमास्तरांच्या घरून मागून आणलेली फुलदाणी, ताडाचा पंखा आणि ताटलीत संत्री. पोरांनी समोर राखाडी प्रत ठेवायची आणि रंग त्या टेबलावरून घ्यायचे. चित्रं पूर्ण झाली की मास्तर खुर्चीवर बसून वर्गासमोर ती सगळी संत्री सोलून एकटे खात. एक फोडही कोणाला देत नसत. वास वर्गभर सुटायचा.

अशाच एका हिवाळ्यात हे घडलं. नववीत एक मुलगा होता. बाप अकोला स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हमाल. छप्पन सालानंतर त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली होती आणि तिथल्या नव्या विहारातलं बुद्धाचं चित्र या पोरानं काढलं होतं. मी पाहिलं आहे ते, मिटल्या पापण्यांखाली डोळे आहेत हे कळत होतं. मास्तरांनीही पाहिलं होतं. सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षेला शाळेकडून त्याचं नाव पाठवायचं आणि पुढं त्याला चित्रकलेच्या शाळेत नागपूरला धाडायचं, असं ते मला म्हणाले होते. त्याच्या पोटापाण्याची, त्याच्या आयुष्याचीच वाट मास्तरांच्या एका सहीवर होती आणि ते त्याच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या मुलानं फळं हिरवी रंगवली.

मी शेजारच्या वर्गात होते. मधली भिंत अर्धीच होती, वर मोकळी. सगळं ऐकू येत होतं.

"हे काय हाये?"

"सफरचंद, सर."

"समोर काय ठेवलं हाये?"

"समोर संत्रं हाये, सर. पण चित्रात सफरचंद हाये. याले देठापाशी खळगी हाये, पाहा. संत्र्याले अशी खळगी नसते. हिरवं सफरचंद असते, सर, म्या पाह्यलं हाये."

मग मास्तरांचा आवाज आला, अगदी शांत. ते शांत झाले की मुलं बाकाखाली हात लपवत.

"सफरचंद? तुह्या घरी? कोणं आणलं होतं रे?"

"बाप पार्सल उचलून राह्यला होता, तवा एक पेटी फुटली. त्यातून…"

"म्हणजे चोरीचं."

वर्ग हसला. चाळीस पोरांचं ते हसणं भिंतीवरून माझ्या वर्गात सांडलं आणि माझी पोरंही, काही न कळता, हसली. मग कागद फाटल्याचा आवाज आला. "पाह्यलं काय? नाई पाह्यलं. बस."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा बाप शिक्षकांच्या खोलीत आला. हमालाचा लाल सदरा धुऊन घातला होता, तो अजून पुरता वाळला नव्हता. दारात चपला काढल्या आणि मास्तरांच्या टेबलापुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, चोरी नाई केली. पेटी पडून फुटली. चेंबलेले फयं पार्सल बाबूनंच देले आम्हाले वाटून. त्याले विचारा तुमी. मी चोर नाई, साहेब."

मास्तर पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मले काय सांगून राह्यला? चित्र चुकलं ते चुकलं."

तो माणूस तसाच उभा होता. घंटा झाली, आम्ही उठलो, एकेक करून त्याच्या बाजूनं गेलो. त्यानं हात सोडले नव्हते.

परीक्षेला मुलाचं नाव गेलं नाही. थोड्याच दिवसांत तो शाळेत यायचा थांबला. पोरं मात्र स्टेशनवर जाऊन त्याच्या बापाला "ए सफरचंद!" म्हणून हाका मारत आणि पळत. त्या माणसाला त्या फलाटावर रोज उभं राहायचं होतं.

पुढे काही वर्षांनी हेडमास्तरांचा भाचा ग्लासगोहून इंजिनिअर होऊन आला. येताना मामासाठी तिथल्या संग्रहालयातली रंगीत पोस्टकार्डं घेऊन आला. त्यांत एक तेच होतं, मास्तरांचं शेवटचं चित्र. काळं समजलेलं कापड गडद तांबडं निघालं. निळं समजलेलं भांडं पांढरं निघालं. आणि ताटलीत हिरवीगार सफरचंदं.

मास्तर सोडून हे सगळ्यांना आधी कळलं. शिक्षकांनी ते कार्ड मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर ठेवलं, बाजूला बाजारातून आणलेल्या कच्च्या, हिरव्या संत्र्यांचा ढीग रचला, आणि सगळे आपापल्या जागी जाऊन पेपर वाचायला बसले. शिपाईसुद्धा पाण्याची घागर घेऊन दारात थांबला. इतक्या वर्षांचे अंगठे वसूल व्हायचे होते. मलाही माझी हिरवी साडी आठवली, खोटं कशाला बोलू?

मास्तर आले. बसले. कार्ड उचललं. शास्त्राचे शिक्षक पेपराआडून म्हणाले, "मोर्शीची आहेत, मास्तर. गोड निघतील." मग पेपर खाली आले आणि खोली पोट धरून हसली. हेडमास्तरांना राहवलं नाही. ते म्हणाले, "अहो, कच्ची संत्री असतील ती. कच्चं संत्रंही हिरवंच असतं की!"

बाहेर पडायला ही चांगली वाट होती. दुसरा कोणी असता तर धरली असती.

"नाई," मास्तर म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून आपली राखाडी प्रत काढली आणि कार्डाशेजारी ठेवली. "सफरचंदंच हायेत. देठापाशी खळगी हाये. याच्यातबी हाये, हे पाहा. पयल्यापासूनच होती." आणि त्या हिरव्या संत्र्यांतलं एक सोलून त्यांनी खायला घेतलं. इतकं आंबट असणार की पाहणाऱ्याचे दात शिवशिवले. सगळं खाल्लं, बिया टेबलावर ओळीनं मांडल्या आणि तासाला गेले. त्यानंतर वर्गात ती पेटी उघडली नाही. पोरांना पिंपळाचं पान काढायला लावत आणि खिडकीबाहेर पाहत बसत. शाळेला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

ते निवृत्त झाले आणि अमरावतीला विधवा बहिणीकडे राहायला आले. माझीही बदली तिकडे झालेली. एका दुपारी दारात उभे. पत्र्याची पेटी काखेत.

"बाई, तो पोरगा कुठं असते?"

कोणता, हे विचारावं लागलं नाही. तो अकोला सोडून इथंच, अमरावतीच्या राजापेठेत पाट्या रंगवत असे. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, निवडणुका आल्या की भिंती. माझ्या घरापासून दूर नव्हतं, मी त्यांना घेऊन गेले.

तो एका कापड दुकानाच्या दर्शनी भागावर शिडी लावून अक्षरं भरत होता. तिशीकडे झुकलेला, अंगावर रंगाचे ठिपके. मास्तर शिडीखाली जाऊन उभे राहिले.

"ओयखलं काय?"

त्यानं खाली पाहिलं आणि पुन्हा ब्रश चालू केला. "ओयखलं, सर."

"ते सफरचंदंच होते."

"मले माहीत हाये."

"रंगीत चित्र आलं विलायतेहून. हे पाह्य, तुह्यासाठी आणलं. खळगी तू बरोबर पाह्यली होती. म्या चुकलो." त्यांनी कार्ड वर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणापुढे असं बोलत असावेत, आणि त्यांना वाटत होतं की एवढं बोललं की झालं.

तो कार्ड घ्यायला वाकला नाही. एक अख्खं अक्षर त्यानं पुरं केलं, सावकाश, कडा साफ करून. मग म्हणाला,

"बाप मेला माह्या. चार वर्सं झाली. शेवटपर्यंत स्टेशनवर त्याले सफरचंद म्हणत. तुमच्या टेबलापुढं हात जोडून उभा होता तो, सर. सदरा ओला होता त्याचा. पाह्यलं होतं काय तुमी?"

रस्त्यावर सायकली, रिक्षा, दुकानदाराची गिऱ्हाइकांशी चाललेली घासाघीस. मास्तरांचा कार्डाचा हात खाली आला. त्यांनी हे कधी मनातही आणलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते फळांची माफी मागायला आले होते. माणूस त्यांच्या ध्यानातच नव्हता.

"नाई पाह्यलं," ते म्हणाले.

मला वाटलं आता हा त्यांना हाकलणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"मंग शिडी धरा," तो म्हणाला. "हालून राह्यली."

त्यांनी पेटी खाली ठेवली आणि शिडी धरली. भर उन्हात, दोन्ही हातांनी. संध्याकाळी पाटी पुरी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. आणि मग रोजच. राजापेठेतल्या लोकांना सवय झाली, वर पाटीवाला, खाली टोपी घातलेला म्हातारा शिडी धरून. वरून तेलरंगाचे थेंब टोपीवर, खांद्यावर पडत. पाटीवाला सांभाळून काम करायचा प्रयत्न करतोय असं मला कधी दिसलं नाही. शाळेतली काही जुनी मंडळी अमरावतीला आली की मुद्दाम तो तमाशा पाहायला जात आणि परत जाऊन अकोल्यात सांगत. मास्तर कोणाकडे पाहत नसत. ते मान वर करून अक्षरं पाहत. कधी कधी म्हणत, "'ढ'चं पोट बारीक झालं." आणि वरून उत्तर न येता ब्रश मागे जाऊन ते पोट भरून येई. त्यांच्यातलं बोलणं मी ऐकलं ते एवढंच.

दोनदा मी पाटीवाल्याला म्हटलं, "अरे, म्हातारा माणूस, उन्हात…" तो म्हणाला, "म्या बलावलं नाई, बाई." ते खरंच होतं.

मग एका उन्हाळ्यात मी माहेरपणाला आलेल्या भाचीला घेऊन कापड घ्यायला राजापेठेत गेले. औषधाच्या नव्या दुकानाची पाटी चालू होती. पाटीवाला वर होता. खाली कोणी नव्हतं. शिडीचा पाय सुतळीनं विजेच्या खांबाला आवळून बांधला होता, चांगले सात-आठ वेढे देऊन. मी वर पाहिलं. त्यानंही खाली पाहिलं, आणि मी काही विचारायच्या आत ब्रश डब्यात बुडवला.

"परवा," तो म्हणाला. "झोपेतच."

भाची दुकानात जायची घाई करत होती. मी तिला म्हटलं, थांब जरा. आणि तो पुढचं अक्षर पुरं करेपर्यंत मी तो खांब, ती सुतळी आणि खाली फरशीवर पडलेले रंगाचे वाळलेले ठिपके पाहत उभी राहिले. ठिपक्यांच्या मधे दोन पावलांएवढी जागा कोरी राहिली होती.